रीफ टँकचा दगड: तेरा किलो, आठ आठवडे

रीफ टँकमध्ये, म्हणजे कोरल (प्रवाळ) वाढवायच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत, नंतर जवळपास सगळं बदलता येतं. लाइट बदलता येतो, स्किमर (पाण्यातली घाण फेसात काढणारं यंत्र) बदलता येतो, पॉवरहेड (पाणी फिरवणारा छोटा पंप) तर कधी ना कधी बदलावाच लागतो. दगड मात्र बदलता येत नाही. त्यावर कोरल एकदा पसरलं की दगड हलवणं म्हणजे टाकी मोडणंच. तरीही नवीन माणूस आधी लाइटवर पैसे घालतो आणि दगड सगळ्यात शेवटी, उरलेल्या पैशांत, एका फेरीत उचलून आणतो. आम्ही यावेळी क्रम उलटा ठेवला. काचेच्या टाकीची ऑर्डर द्यायच्या आधी दगड ठरवला, आणला आणि आठ आठवडे ड्रममध्ये ठेवला. टाकी साधीच: ३ × १.५ × १.५ फूट, म्हणजे साधारण ९० × ४५ × ४५ सेंमी, पाणी १६० लिटरच्या आसपास. पहिल्या रीफ टँकसाठी आम्ही हाच आकार सुचवतो. पाणी पुरेसं असल्यामुळे चुका लगेच अंगावर येत नाहीत, आणि फ्लॅटच्या दाराजिन्यातून टाकी वरही नेता येते.

पहिला प्रश्न प्रत्येक जण हाच विचारतो: पुण्यात पावलोपावली दगड पडलाय, मग तोच का नाही चालणार? प्रश्न रास्त आहे, म्हणून नुसतं नाही म्हणण्यापेक्षा वजनकाटा काढला. चाचणी सोपी आहे. एक किलोच्या आसपासचा कोरडा तुकडा घ्यायचा, २४ तास पाण्यात बुडवून ठेवायचा, ओल्या फडक्याने वरवर पुसायचा आणि पुन्हा वजन करायचं. आपला काळा पाषाण, म्हणजे पाताळेश्वराचं लेणं ज्यात कोरलंय तो बेसाल्ट, जेमतेम सहा-सात ग्रॅम पाणी प्यायला. सच्छिद्र ॲरॅगोनाइट ड्राय रॉक, म्हणजे प्राचीन रीफचा कोरडा, चुनखडीचा दगड, तेवढ्याच वजनाला १८० ग्रॅम प्यायला. हे पाणी जिथे शिरलं त्याच भोकांमध्ये पुढे बॅक्टेरिया राहणार आहेत. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाद्यातून सुटणारा अमोनिया तेच खातात. रीफ टँकचा खरा फिल्टर म्हणजे दगडाचं पोट, आणि बेसाल्टला पोटच नाही. शिवाय तो जड. तेवढीच उंची गाठायला दीडपट-दुप्पट वजन काचेवर येतं.

बेसाल्टचा एक प्रकार फसवतो. पुण्याच्या आसपासच्या खाणींत पोकळ्या असलेला बेसाल्ट निघतो आणि त्या पोकळ्यांत पांढरे, हिरवट, कधी निळे स्फटिक असतात. वाघोलीच्या खाणी तर निळ्या कॅव्हनसाइटसाठी जगभरच्या खनिजसंग्राहकांना माहीत आहेत. हा दगड दिसायला देखणा असतो आणि कॅल्साइट भरलेल्या पोकळीवर व्हिनेगरचा थेंब टाकला तर फसफसतोही. मग वाटतं, चुनखडीच आहे, चालेल. पण फसफसतोय तो स्फटिक, दगड नाही. आणि त्याच पोकळीत कॅव्हनसाइटसारखं व्हॅनेडियम असलेलं खनिज असेल तर ते रीफच्या पाण्यात मुद्दाम कशाला घालायचं? व्हिनेगरची चाचणी करायची तर काळ्या भागावर वेगळी आणि स्फटिकावर वेगळी करा.

कोकणातून येताना गाडीच्या डिकीत जांभा टाकून आणणारेही आहेत. जांभ्याला भोकं भरपूर असतात, म्हणून मोह होतो. पण तो लोह आणि ॲल्युमिनियमच्या ऑक्साइडांचा दगड आहे. पाण्यात ठेवला की तांबडी माती सुटत राहते आणि कडा बोटाने कुस्करतात. शहाबादी फरशी आणि कडप्पा हे दोन्ही चुनखडीचेच. फसफसतील, पण घट्ट आणि सपाट. त्यांचा उपयोग झालाच तर दुकानात पायरी म्हणून, टाकीत नाही.

कोकणाचा विषय निघालाय तर दुसरी गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. समुद्रकिनाऱ्यावरून किंवा ओहोटीच्या वेळी खडकांतून कोरलचा तुकडा, मेलेला का होईना, उचलून आणू नका. रीफ बांधणारी कोरल भारतात वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या अनुसूची १ मध्ये २००१ पासून आहेत. वाघाला जे संरक्षण आहे तेच. मालवणच्या समुद्रात कोरल आहे आणि तिथला सागरी भाग १९८७ पासून अभयारण्य आहे. लक्षद्वीप, मन्नारचं आखात, कच्छचं आखात, अंदमान, कुठलाच दगड आपल्या टाकीसाठी नाही. परदेशातून येणारा लाइव्ह रॉक, म्हणजे जीवजंतू वसलेला समुद्री दगड, हाही साइट्स या वन्यजीव व्यापाराच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या परिशिष्ट २ मध्ये मोडतो, म्हणजे त्याला कागदपत्रं लागतात. जमिनीवरच्या प्राचीन, जीवाश्म झालेल्या रीफमधून खणून काढलेल्या दगडाला मात्र साइट्समध्ये सूट आहे, आणि नवीन माणसासाठी आम्ही तोच सुचवतो. दुकानात 'दादा, एकदम फ्रेश लाइव्ह रॉक आहे, कालच आला' असं ऐकलं की चार प्रश्न विचारायचे: कुठून आला, कागद दाखवता का, पाण्यात कधीपासून आहे, आणि ज्या टाकीत ठेवलाय तिथे कॉपर कधी घातलंय का. पहिल्या दोनांवर उत्तर टाळलं गेलं तर पुढचे दोन विचारायची गरज नाही.

तरी लाइव्ह रॉकची बाजू मांडलीच पाहिजे. चांगल्या लाइव्ह रॉकवर बॅक्टेरिया तयार असतात, गुलाबी-जांभळी कोरलाइन (दगडावर चढणारं कडक शेवाळ) असते, कोपेपॉड आणि ॲम्फिपॉड हे बारीक जीव असतात, आणि टाकी लवकर स्थिरावते. पण त्याच दगडातून ॲप्टेशिया हा तणासारखा पसरणारा छोटा ॲनिमोन (समुद्रफूल) येतो, बबल अल्गी आणि ब्रायॉप्सिस ही चिवट शेवाळं येतात, कधी मँटिस श्रिंप येतो, जो रात्री काचेमागून टकटक आवाज करतो आणि सकाळी एखादा छोटा मासा गायब असतो. अनुभवी माणूस हे सांभाळू शकतो. पहिल्याच टाकीत ॲप्टेशिया घुसला तर वर्षभर त्याच्यामागे जातं.

तिसरा पर्याय म्हणजे कोणीतरी छंद सोडताना विकलेला जुना दगड. पुण्यात बदलीमुळे किंवा घर बदलल्यामुळे टाकी मोडणारे बरेच असतात, त्यामुळे असा दगड स्वस्तात मिळतो. कोरलाइनचे ठिपकेही असतात. यात दोन धोके आहेत आणि दोन्ही डोळ्यांना दिसत नाहीत. एक कॉपर. नुसत्या माशांच्या टाकीत व्हाइट स्पॉट या माशांच्या रोगासाठी कॉपरचं औषध घातलेलं असेल तर ते दगडात बसतं आणि पुढे हळूहळू सुटतं. मासे ठणठणीत राहतात, पण कोळंबी, गोगलगाय, कोरल मरत जातात आणि कारण सापडत नाही. दुसरा फॉस्फेट. वर्षानुवर्षं खाद्य पडलेल्या टाकीतला दगड फॉस्फेट स्पंजसारखं शोषून ठेवतो. विकणाऱ्याने कॉपर कधीच वापरलं नाही असं छातीठोक सांगितलं नाही तर तो दगड फुकट मिळाला तरी घेऊ नका.

चौथा पर्याय घरी बनवलेला सिमेंटचा दगड. एक भाग पांढरं सिमेंट, दोन भाग ॲरॅगोनाइट वाळू, दोन भाग जाडं खडेमीठ, भुरभुरीत राहील इतकंच पाणी. ओल्या वाळूच्या साच्यात ओततात आणि नंतर मीठ विरघळून भोकं तयार होतात. आकार हवा तसा मिळतो, हा मोठाच फायदा. अडचण अशी की सिमेंटमधला चुना आठवडेच्या आठवडे सुटत राहतो. गोड्या पाण्यात, पाणी बदलत, चार ते आठ आठवडे ठेवून पीएच ८.४ च्या खाली स्थिरावला तरच तो वापरायचा. हार्डवेअरवाला पांढरं सिमेंट मागितल्यावर वॉल पुट्टीची पिशवी हातात देतो, ती नको. पुट्टीत पॉलिमर असतं.

सगळा विचार करून ठरलं ते असं: तेरा किलो कोरडा, खणीव ॲरॅगोनाइट दगड, आणि त्यात जीव भरायला ओळखीच्या, तीन वर्षं चाललेल्या टाकीतून अर्धा किलो लाइव्ह रॉकचे तुकडे. नवीन माणसाला आमचा सल्ला आजही हाच आहे.

तेरा किलोच का? जुना हिशेब गॅलनला एक पौंड, म्हणजे लिटरला सुमारे १२० ग्रॅम. १६० लिटरला तो एकोणीस किलोच्या वर जातो. तो घट्ट दगडाच्या काळातला हिशेब आहे. हलक्या, सच्छिद्र दगडाला लिटरमागे ८० ग्रॅम पुरतात. त्याहून जास्त भरला तर माशांना पोहायला जागा राहत नाही, मागे कचरा साचतो आणि कोरल वाढल्यावर सगळं एकमेकांत घुसतं. दुकानदार जास्त विकणारच, त्याचा तो धंदा आहे. तुम्ही वजनापेक्षा जागा मोजा.

जागा मोजण्याची रीत ही. फ्रिजच्या मोठ्या खोक्यातून ९० × ४५ सेंमीचा पुठ्ठा कापला. पुढच्या काचेपासून १० सेंमी, दोन्ही बाजूंनी १० सेंमी आणि मागून ५ सेंमी आत रेघा मारल्या. काच घासायचा मॅग्नेट सगळीकडून फिरला पाहिजे आणि मागेही पाणी वाहिलं पाहिजे, म्हणून ही अंतरं. उरला ७० × ३० सेंमीचा पट्टा. एवढ्यातच दगड बसवायचा. हा पुठ्ठा घडी घालून दुकानात नेला आणि जमिनीवर पसरून त्यावरच दगड मांडून पाहिले. दुकानातली मंडळी आधी बघत राहिली, मग स्वतःच आतलं खोकं काढून द्यायला लागली.

निवडताना हाताने उचलून पाहणं सगळ्यात महत्त्वाचं. आकाराच्या मानाने हलका वाटला पाहिजे. बोटाच्या पेराने टकटक केल्यावर घट्ट दगड ठणठण वाजतो, सच्छिद्र दगड बोदा वाजतो. एखादा तुटका तुकडा असेल तर तुटलेली बाजू बघा. भोकं पृष्ठभागावरच संपतात की आत जातात, ते तिथेच कळतं. वर खडबडीत आणि आत चुन्यासारखा गच्च असा दगड पुष्कळ विकला जातो. नखाने खरवडल्यावर पिठासारखी पूड निघत राहिली तर तो ठेवून द्या, टाकीत महिनोन्महिने पाणी पांढरं करेल. रंगवलेला जांभळा दगडही मिळतो. नावाजलेल्या कंपनीचा, रीफसाठीच बनवलेला असेल तर हरकत नाही. रंगाचा उगम माहीत नसेल तर पांढराच घ्या. सहा-आठ महिन्यांत कोरलाइन त्याला आपोआप रंगवते.

आकारांचं मिश्रण नीट लागतं. सगळे नारळाएवढे गोल दगड घेतले की त्यांची फक्त रास होते, आणि दुकानात तेच सगळ्यात जास्त असतात. आम्ही घेतले ते: सपाट बूड असलेले दोन मोठे, साधारण तीन-तीन किलोचे, चार पसरट पाट्या, हाताच्या पंज्यापेक्षा थोड्या मोठ्या, कारण पुढे कोरल ठेवायला मोक्याच्या जागा त्याच, दोन लांबट, हाडासारखे, कमान टाकायला, आणि बाकी मुठीएवढे तुकडे व चुरा. चुरा फेकू नका, सांधे भरायला लागतो. ऑनलाइन मागवणार असाल तर शेजारी पट्टी ठेवून काढलेला फोटो मागा, नाहीतर पेटीत काय निघेल ते नशीब.

एक गैरसमज इथेच दूर करू. चुनखडीचा दगड पीएच सांभाळतो असं सगळीकडे सांगितलं जातं. ॲरॅगोनाइट नेहमीच्या ८.० ते ८.३ पीएचला विरघळतच नाही, त्यामुळे टाकीची अल्कलिनिटी (पीएच टिकवायची पाण्याची ताकद) त्याच्या भरवशावर सोडता येत नाही. चुनखडीचा दगड निवडायचा तो यासाठी की फॉस्फेट सोडलं, ज्याबद्दल पुढे येईलच, तर तो समुद्राच्या पाण्याला काही नको ते देत नाही आणि कोरल त्याला धरतं.

आता ड्रम. बोहरी आळीतून १०० लिटरचा फूड ग्रेड प्लास्टिकचा ड्रम घेतला. झाकण उघडून वास घेतल्याशिवाय ड्रम घेऊ नका. लोणच्याचा वास धुऊन जातो, केमिकलचा जात नाही. दगड आधी साध्या नळाच्या पाण्यात तीन दिवस. रोज कडक ब्रशने घासून पाणी फेकलं. पहिल्या दिवशी दुधासारखं पाणी निघालं, तिसऱ्या दिवशी तळ दिसला. दगड बुडवल्यावर दिवसभर बुडबुडे येतात, पोटातली हवा बाहेर पडत असते.

खणून काढलेल्या दगडाला ब्लीच लागत नाही. जुन्या टाकीतला, आत काहीतरी कुजलेला दगड असेल तर लागतं: बिनवासाचं साधं ब्लीच एक भाग, पाणी नऊ भाग, पॉवरहेड चालू ठेवून २४ ते ४८ तास. मग भरपूर धुणं, हायपो (क्लोरीन मारणारं सोडियम थायोसल्फेट) घातलेल्या पाण्यात एक दिवस, आणि वास पूर्ण जाईपर्यंत कडक उन्हात. पुण्यात हे ऑक्टोबरनंतर करा. पावसाळ्यात गच्चीवर दगड आठवडाभर ओलाच राहतो. ॲसिडने धुण्याचे व्हिडिओ बघून फ्लॅटच्या बाथरूममध्ये तो प्रयोग कृपया करू नका. म्युरिएटिक ॲसिड वरचा थर विरघळवून फॉस्फेट घालवतं हे खरं, पण त्याच्या वाफा बंद जागेत फुप्फुसं जाळतात, आणि ब्लीच उरलेल्या दगडावर ॲसिड पडलं तर क्लोरीन वायू सुटतो. ड्रम आणि संयम यांनी तेच काम होतं, फक्त सावकाश.

पाण्याबद्दल थोडक्यात. महापालिकेचं पाणी आमच्या टीडीएस मीटरवर शंभराच्या आसपास येतं, उन्हाळ्यातला टँकर चारशेच्या पुढे. दोन्ही तसंच वापरायचं नाही. घरच्या आरओला टीडीएस कंट्रोलर असतो, तो चव यावी म्हणून कच्चं पाणी परत मिसळतो. तो बंद करा आणि शेवटी उरलेले क्षार काढणारं डीआय रेझिनचं कार्ट्रिज जोडा. मीटर शून्य दाखवू दे. ८० लिटर पाण्याला सुमारे तीन किलो रीफ सॉल्ट लागलं. खारटपणा मोजणाऱ्या रिफ्रॅक्टोमीटरवर ३५ पीपीटी (हजार भागांत ३५ भाग), आणि तो रिफ्रॅक्टोमीटर ३५ पीपीटीच्या कॅलिब्रेशन द्रावणाने जुळवलेला, नुसत्या आरओ पाण्याने नाही. हीटर २६ अंशांवर, एक पॉवरहेड, झाकण अर्धवट, आणि संपूर्ण अंधार. उजेड दिला की दगडावर शेवाळ आधी येतं.

खरं काम इथून सुरू होतं, आणि ते आकड्यांचं आहे. पहिल्या आठवड्याच्या शेवटी, नमुना शुद्ध पाण्याने निम्मा पातळ करून, हॅना कंपनीच्या छोट्या मीटरवर ११६ आलं, म्हणजे खरं २३२. हा एचआय ७३६ मीटर फॉस्फरस पीपीबीमध्ये (अब्जात किती भाग) दाखवतो, तोही २०० पर्यंतच, म्हणून पातळ करावं लागलं. खऱ्या आकड्याला ३.०६६ ने गुणून हजाराने भागलं की फॉस्फेट पीपीएममध्ये (दशलक्षात किती भाग) मिळतं, म्हणजे ०.७१. रीफला ०.०३ ते ०.१ हवं. नवा, पांढराशुभ्र दगड, आणि तरी सातपट. पाणी पूर्ण बदललं. दुसऱ्या दिवशी ०.०६ आलं आणि इथेच बहुतेक जण खूश होऊन दगड टाकीत घालतात. चार दिवसांनी तेच पाणी ०.४४ वर होतं.

हे का होतं ते समजून घेतलं की पुढची सगळी घाई थांबते. फॉस्फेट पाण्यात नसतं, दगडाच्या पृष्ठभागाला चिकटलेलं असतं. पाणी स्वच्छ केलं की दगड आपल्याकडचं थोडं सोडतो, दोघांत समतोल होईपर्यंत. म्हणून पाणी बदलल्यानंतर लगेचचा आकडा निरर्थक. चार-पाच दिवसांनी तो कुठे थांबतो, तोच दगडाचा खरा आकडा. आमच्याकडे तो असा उतरला: ०.४४, मग ०.२९, ०.१७, आणि सहाव्या आठवड्यात मीटरवर २७, म्हणजे ०.०८. त्यानंतर दहा दिवस पाणी बदललंच नाही आणि तो ०.०९ वर थांबला. या सगळ्यात पाणी चारदा पूर्ण बदललं, म्हणजे भरण्याचं धरून पंधरा किलो मीठ गेलं. बजेट करताना हे मीठ धरा. ते टाकीत कधीच दिसत नाही, पण पुढची शेवाळाशी झुंज वाचवते ती हीच पिशवी.

तिसऱ्या आठवड्यात ओळखीच्या टाकीतले अर्धा किलो तुकडे आले. ते थेट ड्रममध्ये नाही टाकले. आठवडाभर वेगळ्या बादलीत, हीटर आणि एअर स्टोनसह ठेवले आणि रोज रात्री दिवे घालवून टॉर्चने पाहिले. ॲप्टेशिया ओळखायला सोपा: काचेसारखे तपकिरी, निमुळते धागे, हात लागताच आत ओढून घेणारा. तिसऱ्या रात्री एका तुकड्यावर डाळीएवढा एक दिसला. तो खरवडून काढायचा नाही. देठाचा कण राहिला तरी त्यातून नवा उगवतो. तो तुकडाच काढून टाकला. शंभर ग्रॅम दगडाचं वाईट वाटून घेऊ नये.

मग अमोनिया. बॅक्टेरियांना खायला हवं. यासाठी अमोनियम क्लोराइड, म्हणजे आपला नवसागर. कल्हईवाला तापल्या भांड्यावर चिमूटभर टाकतो तोच, पण बाजारातला नाही, लॅब ग्रेडचा. ८० लिटरला २ पीपीएम आणायला अर्धा ग्रॅम पुरतो. दागिन्यांचा छोटा काटा असेल तर त्यावर मोजा, अंदाजाने चमचा घालू नका. ४-५ पीपीएमच्या वर गेलात तर बॅक्टेरिया स्वतःच मंदावतात. बाटलीतले बॅक्टेरियाही घातले. ते थंडीत मागवलेले होते. एप्रिल-मेमध्ये कुरिअरच्या गाडीत तापलेली बाटली घातली काय आणि न घातली काय. सुरुवातीला २ पीपीएम उतरायला नऊ दिवस लागले, मग चार, आणि सातव्या आठवड्यात संध्याकाळी घातलेला अमोनिया दुसऱ्या संध्याकाळी शून्य. अमोनियाचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट होतं; पाण्यात नायट्राइट असताना नायट्रेटची किट भलताच मोठा आकडा दाखवते, त्याने घाबरू नका. मधे एकदा वीज चार तास गेली. ड्रममध्ये मासा नसला तरी बॅक्टेरियांना ऑक्सिजन लागतो, म्हणून बॅटरीवरचा एअर पंप लावला. तो पुढे टाकीलाही लागतोच, आधीच घेऊन ठेवा.

मांडणी ड्रमच्या आधी कोरडी जुळवून ठेवली होती, पण चिकटवली मात्र नंतर. कारण अगदी साधं आहे: चिकटवलेली कमान ड्रमच्या तोंडातून जात नाही. तोंड ३५ सेंमी, कमान ४५. हे आधी मोजलं नाही तर कमान तोडावी लागते. आम्ही प्रत्येक दगडाला केबल टायने आकडा बांधला, चारही बाजूंनी फोटो काढले आणि सुटे दगड ड्रममध्ये सोडले.

चिकटवताना दगड ओलाच हवा. तासाभराचं काम, हाताशी खाऱ्या पाण्याचा फवारा. ६ मिमीच्या ॲक्रिलिक दांड्या आणि ८ मिमीचं काँक्रीटचं बिट. ड्रिलचा हॅमर मोड बंद ठेवा, ॲरॅगोनाइट मऊ असतो, हॅमरने सरळ दुभंगतो. दांडी घालून सांध्यात सायनोॲक्रिलेट जेल, वर लगेच कोरड्या ॲरॅगोनाइटची पूड. क्षणात दगड होतो आणि चटका बसेल इतका तापतो. खिडकी उघडी, डोळ्यांवर चष्मा. फेविक्विक त्याच जातीचं आहे, पण पातळ. उभ्या सांध्यातून ओघळून बोटं चिकटवतं, म्हणून जेलच घ्या. भार पेलणाऱ्या सांध्यांवर शेवटी रीफसाठीचा एपॉक्सी पुट्टीचा लेप.

दोन बेटं केली. मोठं डावीकडे, छोटं उजवीकडे, मधे मूठभर मोकळी जागा. दोन बेटांचं कारण निव्वळ शोभा नाही. ग्रीन स्टार पॉलिप आणि झेनिया हे मऊ कोरल नव्या माणसाला आवडतात आणि ते गालिच्यासारखे पसरतात. छोटं बेट त्यांना देऊन टाकायचं, मोठ्यावर चढू द्यायचं नाही. सगळ्यात उंच टोक २७ सेंमी, पाण्याच्या उंचीच्या दोन तृतीयांशाच्या आत. वर कोरल वाढायला जागा लागते. मग दोन्ही हातांनी धरून रचना हलवून पाहिली. कुरकुर आली तो सांधा पुन्हा केला.

टाकीत तळाला ३ मिमीची ॲक्रिलिक शीट, तिच्यावर थेट दगड, आणि वाळू त्यानंतर. हा क्रम चुकवू नका. आधी वाळू घालून वर दगड ठेवला तर पिस्टल श्रिंप किंवा गोबी खालची वाळू उपसतात आणि एके रात्री दगड काचेवर येतो. पाणी भरून पॉवरहेड लावल्यावर बेटांमागे ड्रॉपरने थोडी गाळाची पूड सोडून पाहिली. जिथे ती तशीच तळाशी बसली तिथे प्रवाह पोचत नाही. डावा पॉवरहेड जरा वर वळवला, आणि मागचा कोपरा हलायला लागला.

दोन आठवड्यांत दगड तपकिरी होतो. डायटम, म्हणजे सूक्ष्म शैवाल, असतात ते, थोड्या दिवसांनी ओसरतात. त्यांना घाबरून फॉस्फेट काढायचे मीडिया लावू नका. फॉस्फेट आणि नायट्रेट दोन्ही शून्यावर गेले की कोरड्या दगडाच्या टाकीत डायनो (डायनोफ्लॅजेलेट हे सूक्ष्मजीव) येतात, शेंबडासारखा तपकिरी थर, त्यात बुडबुडे, रात्री कमी दिसणारा, आणि तो जाता जात नाही. फॉस्फेट ०.०३ च्या खाली आणि नायट्रेट ५ च्या खाली जाऊ न देणं हे या काळातलं मुख्य काम. गरज पडली तर माशांना थोडं जास्त खायला घाला.

ड्रममध्ये शेवटी दीड किलो तुकडे उरले. ते फेकले नाहीत. हीटर आणि पॉवरहेड तसेच ठेवून, दर पंधरवड्याला चिमूटभर नवसागर घालून ते जिवंत ठेवलेत. नवीन मासा क्वारंटाइनच्या टाकीत आला की यातला एक तुकडा तिथे जातो. औषध घातलं असेल तर तो तुकडा परत ड्रममध्ये येत नाही.